आबांचे जावई

ठोंबरेकाकांनी जन्मात कधी मासा तोंडात घातलेला नाही. पण बांगड्याचं तिखलं कसं करावं, यावर ते तासभर बोलतात. तिरफळं कधी घालायची, कोकमं कधी टाकायची, आत कालथा का घालायचा नाही, भांडंच नुसतं का हलवायचं, सगळं. कतारमध्ये, दोह्यात एकदा कुणाच्या तरी घरच्या गणपतीला त्यांनी एका अस्सल मालवणच्या बाईंना गाठून सांगितलं, "वहिनी, तिरफळं वाटायची नसतात, ठेचायची."

बाई चमकल्या. "तुम्ही कुठले हो?"

"पुसदचे," काका म्हणाले. "शुद्ध शाकाहारी."

हे सगळं ज्ञान त्यांना पुस्तकांतून आलेलं. ठोंबरेकाका म्हणजे आबांचे जावई. दक्षिण कोकणात नुसतं 'आबा' म्हटलं की पुरतं, आडनाव लागत नाही. समुद्रावरच्या माणसांच्या गोष्टी त्यांनी त्या माणसांच्याच बोलीत लिहिल्या आणि एके काळी त्या घरोघरी वाचल्या गेल्या. त्या घरात लिहिणारे आबा एकटेच नव्हते. त्यांच्या आईच्या ओव्यांचं एक पातळसं पुस्तक होतं, थोरल्या भावाची दशावतारातली पदं होती. पुढे आबा गेले, पुस्तकं छापणारे थकले, आवृत्त्या संपल्या. आबांच्या मुलांनी माळा साफ करायला काढला, तेव्हा सुट्टीवर गेलेल्या काकांनी रद्दीवाल्याच्या तराजूतून गठ्ठे उचलून घेतले. "दोन्ही मेहुणे माझ्याकडं असे बघून राहिले होते," काका सांगायचे, "जसा मी त्यांच्या घरातला कचरा चोरून राहिलो."

तेव्हापासून दर सुट्टीत ते आबांच्या घराण्याची जुनी पुस्तकं शोधत गावोगाव फिरायचे आणि जे मिळेल ते कतारला आणायचे. सामानाचं वजन पुस्तकांना मिळावं म्हणून स्वतःचे कपडे अंगावर घालून यायचे. ऐन मे महिन्यात तीन शर्ट आणि वर कोट चढवलेला हा गृहस्थ विमानतळावर घामाघूम उभा. एकदा तिथल्या अधिकाऱ्याने बॅग उघडली आणि एकाच पुस्तकाच्या कितीतरी प्रती बघून विचारलं, हे काय? काकांनी त्याला हिंदीतून ती गोष्टच सांगायला सुरुवात केली. मागे रांग खोळंबली. होडी वादळात सापडते तिथवर गोष्ट आली, तेव्हा त्या बिचाऱ्याने "खलास, खलास, यल्ला!" म्हणजे पुरे, निघा आता, म्हणत बॅग बंद करून दिली. "गोष्ट अर्धी राहिली त्याची," याची हळहळ काकांना पुढे कितीतरी दिवस होती.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. माहेर नाशिक, नवरा ऑइल कंपनीत शिफ्टवर, मी एका कन्सल्टंटकडे ड्रॉइंग करणारी. राहायला आले त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात काका.

"काऊन गो बाय, आबा वाचलंस?"

ही त्यांची भाषा. वऱ्हाडी 'काऊन'ला, म्हणजे 'का'ला, मालवणी शेपूट. पुरुष असेल तर 'काऊन रे झिला'. खरे मालवणी लोक ऐकून पोट धरून हसायचे आणि वऱ्हाडी लोक काळजीत पडायचे. मी "नाही वाचलं" म्हटल्यावर मला त्यांच्या घरी नेण्यात आलं, हात साबणाने धुवायला लावण्यात आले, नवीन नॅपकिन देण्यात आला आणि मग एक पुस्तक हातात आलं. घरी न्यायला नाही. तिथेच बसून वाचायचं. समोर काका, पान उलटताना बोट कुठे लागतं ते बघत.

त्यांच्या घरातली मोठी बेडरूम पुस्तकांची. तिथला एसी कधी बंद व्हायचा नाही. "पुस्तकाक घाम येता," काका म्हणायचे. ते आणि मंदाकाकू हॉलमध्ये झोपायचे. मंदाकाकू आबांची मुलगी, शांत, इंडियन स्कूलमधून निवृत्त झालेल्या. त्या म्हणायच्या, "बाप माझा, आणि मला आत जायचं तर हात धुवावे लागतात."

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता. सगळ्या शहराला एकच घाई. रोज एखादा रस्ता खोदलेला, कालचा यू-टर्न आज गायब. काका एसीचे इंजिनिअर. एका स्टेडियमच्या थंडाव्याचं काम त्यांच्याकडे होतं. उघड्या मैदानात गार हवा खेळवणारा माणूस घरी येऊन पुस्तकांच्या खोलीतलं तापमान बघत बसायचा.

आणि ऐन ऑगस्टमध्ये आमच्या बिल्डिंगला नोटीस लागली. अख्खी इमारत पाहुण्यांसाठी दिली होती, सगळ्यांनी जागा सोडायची. आम्ही दोन्ही घरांनी धावपळ करून एकाच कंपाउंडमध्ये घरं मिळवली. इंडस्ट्रियल एरियातल्या एका मूव्हर्सची गाडी ठरली. काकांनी प्रत्येक खोक्यात कडुलिंबाचा पाला घातला, प्रत्येक खोकं स्वतः बांधलं, आणि गाडीत पुस्तकांबरोबर मागे बसायची परवानगी मागितली. ड्रायव्हरने ती दिली नाही.

नव्या घरी खोकी आली. काकांनी हात धुतले, पहिलं खोकं उघडलं. आत इलेक्ट्रिक किटल्या. दुसऱ्यात किटल्या. सगळ्या खोक्यांत किटल्या.

काका खाली बसले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते एकेक किटली बाहेर काढून खोक्याचा तळ चाचपत राहिले. मी त्यांना इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. काही पुस्तकांची जगात तेवढीच प्रत उरली होती. आबांच्या आईच्या ओव्या तर दुसरीकडे कुठेच नव्हत्या. शिवाय काका सगळ्या कथांची नवी आवृत्ती काढायच्या खटपटीत होते. बोलीतल्या एकेका शब्दाचा अर्थ शोधून त्यांनी जुन्या प्रतींत पेन्सिलीने लिहून ठेवला होता. ते सगळं त्या खोक्यांत होतं.

मूव्हर्सना फोनवर फोन झाले. "इन्शाल्ला, मॅडम, मिल जाएगा." शेवटी उलगडा झाला. त्यांच्या गोदामात सारख्याच खोक्यांचे दोन ढीग होते. किटल्या जायच्या होत्या अल रुवैसला, बंदराजवळच्या एका कामगार वसतिगृहात. तिकडे आमची पुस्तकं गेली होती.

"बंदराजवळ?" काका म्हणाले. "ऑगस्टातली दमट हवा. बाप्पा रे."

शुक्रवारी सकाळी मी माझी मोठी गाडी काढली. काका पुढे, मंदाकाकू मागे किटल्यांबरोबर. रुवैसपर्यंत काका वाळवीपासून बुरशीपर्यंत पुस्तकाचे सगळे रोग सांगत होते. बंदराच्या कडेला वसतिगृहाचं सामान ठेवायची पत्र्याची शेड होती, जाळी वाळत पडली होती, सुक्या मासळीचा वास नाकात शिरत होता. मंदाकाकूंनी काच खाली करून खोल श्वास घेतला. काकांनी रुमाल नाकाला लावला.

शेडमध्ये खोकी नव्हती. काका माझ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात स्टोअरकीपर आला, केरळचा, साठीतला. आम्ही हिंदीत विचारलं.

"वो किताबवाला? उधर गीला होता ना," तो म्हणाला. "मेरे ऑफिस में रखा है."

त्याच्या इवल्याशा ऑफिसात, एसीखाली, लाकडी फळ्यांवर सगळी खोकी रचलेली होती. त्याला स्वतःला बसायला जागा उरली नव्हती, खुर्ची दाराबाहेर होती. काकांनी हात धुवायला पाणी मागितलं. एक खोकं उघडलं, ओव्यांचं पुस्तक काढलं, उलटसुलट करून बघितलं. कोरडं ठणठणीत. मग त्यांनी त्या माणसाचे दोन्ही हात धरले आणि अरबीत आभार मानत "शुक्रन, शुक्रन" म्हणत राहिले. तो म्हणाला, "अरे सर, मैं तो मलयाली है." तेव्हा कुठे आम्ही सगळे हसलो, इतके, की मंदाकाकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

परत येताना माझ्या मनातलं विचारून टाकलं. "काका, तुम्ही मासे खात नाही, समुद्राचा वास सोसत नाही. मालवणी... जाऊ दे. सख्खी मुलं रद्दीत घालत होती. मग तुम्ही एवढं का करता?"

काकांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

"मी बोर्डिंगात वाढलो गं," ते साध्या मराठीत म्हणाले. "आईबाप लहानपणीच गेले. बोर्डिंगात घंटा झाली की जेवायचं, मागं राहिलास तर उपाशी. मंदाला बघायला गेलो तेव्हा जेवणाआधी आबा गोष्ट वाचत होते. घरातले सगळे हसून राहिले, मला काही कळेना. मी हळूच एका शब्दाचा अर्थ विचारला. आबा थांबले. मग प्रत्येक ओळीला थांबायचे, माझ्याकडं बघायचे, 'समाजला?' असं विचारायचे. पानं वाढलेली, भात निवून गेला, अख्खं घर बसून होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं असं पहिल्यांदाच झालं होतं."

मग मागून मंदाकाकू म्हणाल्या, "मला चांगलं आठवतंय. मी उपाशी होते, मला इतका राग आला होता तुमचा." त्या थोडं हसल्या. "तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, एवढ्या लांब, घाटावर कशी द्यायची मुलगी? तर आबा म्हणाले, 'माझ्या झिलांनी कधी एक शब्द इचारल्यानी नाय. ह्येना इचारल्यान. चेडू देऊक हरकत नाय.'"

काका गर्रकन मागे वळले. "आबा असं म्हणाले?"

"म्हणाले."

"मग इतकी वर्षं मला सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही बोलायचे थांबलात कधी?"

काका पुढे वळून बसले. दोह्याच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर मी चहाला गाडी थांबवली. काका उतरले नाहीत. मी कप घेऊन परत आले, तेव्हा ते मागच्या सीटवर मंदाकाकूंशेजारी जाऊन बसले होते, आणि त्या सांगत होत्या ते ऐकत होते.