मधला शब्द

सुलिका अमसलेम उभ्या आयुष्यात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून ज्यू सुटले त्या सणाच्या, रात्री दुसऱ्याच्या घरी जेवल्या नव्हत्या. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा नाही. इस्राएलमधल्या अख्ख्या दिमोना गावाला ही गोष्ट माहीत होती, आणि भारतातून तिथे आलेल्या ज्यू घरातल्या एलिशेवा पेणकरला तर जरा जास्तच माहीत होती. कारण आज त्याच सुलिकाबाई तिच्या जेवणाच्या टेबलापाशी ताठ बसल्या होत्या. अंगावर आईने मोरोक्कोहून आणलेला जरीचा झगा, डोक्याला रेशमी रुमाल, डोळ्यांत ठसठशीत काजळ. आणि नजर अशी, की ह्या सणात घरात वर्ज्य असलेला पावाचा कण बंद कपाटात असला, तरी त्यांना बाहेरून दिसावा.

सुलिकाबाईंचा यानिव आणि एलिशेवाची मोरिया यांचं कधीच जमलं होतं. सुलिकाबाईंनी मात्र अजून 'हो' म्हटलं नव्हतं. 'नाही'ही म्हटलं नव्हतं. "वल्हांडणाला त्यांच्याकडे जेवते, मग सांगते," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यापायी एलिशेवाने घर असं घासलं होतं, की भिंतींचा रंग तेवढा निघायचा राहिला होता.

"अहो, मिठाचं पाणी केलंत का?" तिने मघाशी चुलीपाशी उभ्या उभ्या विचारलं होतं.

"केलं की! वाटी भरून सणाच्या ताटात ठेवलीसुद्धा," बिन्यामीन बैठकीतून म्हणाला होता. लग्न झाल्यापासून सांगितलेलं काम त्याने पहिल्याच फटक्यात कधी केलं नव्हतं. एलिशेवाला तिथेच संशय यायला हवा होता. पण विहीणबाई जिना चढत होत्या, आणि तेव्हा तिला स्वतःचं नावही आठवलं नसतं.

सुरुवात झकास झाली. द्राक्षरसाचा पहिला पेला झाला, हात धुऊन झाले. मग बिन्यामीनने सेलरीचे तुकडे घेतले, एकेक करून वाटीतल्या पाण्यात चांगले बुडवले आणि सगळ्यांना वाटले. मिसरात, म्हणजे इजिप्तात, गुलामीत पूर्वजांनी गाळलेल्या आसवांची आठवण म्हणून हे खारं पाणी. त्याने खड्या आवाजात आशीर्वाद म्हटला, सगळे 'आमेन' म्हणाले आणि पाचही जणांनी एकदम तुकडा तोंडात टाकला.

एलिशेवाच्या जिभेला आधी कळलं, मग डोक्याला. हे मीठ नव्हतं. हा कडू, तेलकट, जिभेला चावणारा ऐवज तिने झोपेतही ओळखला असता. मिठाच्या समुद्राकाठच्या क्रीमच्या कारखान्यात तिची नोकरी होती, आणि पिंप उघडताना ओठांवर एखादा थेंब उडाला तर दुपारचा डबा बेचव लागायचा. बाकीचं जग ज्याला मृत समुद्र म्हणतं, त्याचं नुसतं, पातळ न केलेलं पाणी होतं ते! चेहऱ्यावर फवारायला म्हणून तिने बाटलीत भरून आणलेलं!

तिने बिन्यामीनकडे पाहिलं. बिन्यामीन छताकडे पाहत होता. मोरियाचा चेहरा लिंबासारखा आक्रसला होता. पण थुंकायची सोय नव्हती. आशीर्वाद म्हटल्यावर घास थुंकला, तर देवाचं नाव फुकट घेतल्यासारखं होतं. यानिवने मोरियाकडे बघत आपला तुकडा न चावता औषधासारखा गिळून टाकला. आणि सुलिकाबाई? सुलिकाबाई चावत होत्या. सावकाश, शेवटपर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"छान आहे," घास उतरल्यावर त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "जरा वेगळं आहे. पण छान आहे. आणखी एक द्या."

बिन्यामीनने भाबडेपणाने दुसरा तुकडा बुडवला, चांगला मोठा, आणि सुलिकाबाईंच्या बशीत ठेवला. त्यांनी तो उचलायच्या आत एलिशेवाचा हात टेबलावरून झेपावला, तुकडा गेला आणि तिच्याच तोंडात पडला.

"आई!" मोरिया ओरडली.

"मला... मला फार आवडतं हे," एलिशेवा कशीबशी म्हणाली. तिच्या कानांतून वाफा निघत होत्या.

सुलिकाबाईंनी रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग एलिशेवाकडे पाहिलं. यानिवने टेबलाखालून आईचा पाय दाबल्याचं टेबल हललं तेव्हा सगळ्यांना कळलं.

आता ती वाटी कशीही करून उचलायची, असं ठरवून एलिशेवा उठली. "ताट फार भरलंय, वाटी आत ठेवते," म्हणत तिने हात पुढे केला.

"थांबा," सुलिकाबाई म्हणाल्या. "आमच्यात आता ताट फिरवतात. सगळ्यांच्या डोक्यावरून. ताटातलं काही काढत नाहीत."

"हो, पण पाणी सांडेल ना..."

"आमची रीत चालणार नसेल तर तसं सांगा, विहीणबाई."

एलिशेवाने हात मागे घेतला. बेखमीर भाकरी मोडून झाली आणि यानिवने ताट उचललं. 'मिसरातून आम्ही घाईने निघालो' ही ओळ गात गात त्याने ते बिन्यामीनच्या डोक्यावरून फिरवलं, मोरियाच्या, मग एलिशेवाच्या. एलिशेवा मान खाली घालून देवाची करुणा भाकत होती. देवाने तिच्यापुरतं ऐकलं. आईच्या डोक्यावर ताट आलं तसा यानिवला चेव चढला, त्याने गिरकी जोरात घेतली आणि वाटी कलंडली.

"माझे डोळे!" सुलिकाबाईंनी अशी किंकाळी फोडली, की खालच्या मजल्यावरचं गाणं बंद पडलं.

"उघडू नका! चोळू नका!" एलिशेवा पुढे धावली. कारखान्यात शिकवलेलं असतं सगळं. तिने सुलिकाबाईंना दंडाला धरून न्हाणीघरात नेलं, दार लावलं, नळ सोडला आणि ओंजळीओंजळीने गोडं पाणी त्यांच्या डोळ्यांवर मारू लागली. काजळ गालांवरून ओघळून झग्याच्या जरीत गेलं. आता लग्न गेलंच, तर निदान बाईची दृष्टी तरी राहू दे, असं तिला वाटलं आणि तिला रडूच कोसळलं.

"ते मिठाचं पाणी नव्हतं हो," ती हुंदके देत म्हणाली. "मिठाच्या समुद्राचं होतं. चेहऱ्याला लावायचं! आमच्या ह्यांनी बाटली बघितली आणि दिली ओतून. मला खाल्ल्याबरोबर कळलं. लाज वाटली म्हणून बोलले नाही."

सुलिकाबाईंनी एक लालभडक डोळा उघडला. "म्हणजे... ही तुमची हिंदुस्थानी रीत नाही?"

"कसली रीत! असलं पाणी कोण खाईल?"

"मी खाल्लं ना!" सुलिकाबाई किंचाळल्या. "आणि वरून मागून घेतलं! येताना यानिवने शपथ घातली होती मला. 'आई, जेवणाला एका शब्दाने नाव ठेवलंस तर पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही.' मला वाटलं, दर वर्षी हेच खावं लागणार. म्हटलं आत्तापासून सवय करावी!" मग त्या थांबल्या. "आणि तुम्ही तो माझ्या बशीतला तुकडा..."

"तुमच्या पोटात जाऊ नये म्हणून."

"अगं बाई! आणि मी मनात म्हणतेय, काय हावरी बाई आहे, पाहुणीच्या पुढ्यातला घास ओढते!" त्यांनी एलिशेवाचा ओला हात घट्ट धरला. "अगं, माझी बहीणसुद्धा माझ्यासाठी असलं काही खायची नाही." आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "एलिशेवा, चेहऱ्याला लावायचं म्हणालीस. त्यात गव्हाचं काही नाही ना?"

कारखान्यातून तिने दोन बाटल्या आणल्या होत्या. पांढऱ्या टोपणाच्या बाटलीत नुसतं पाणी. निळ्या टोपणाच्या बाटलीत गव्हाच्या अंकुराचं तेल घातलेलं! निळी तिने सणाआधी शेजारणीला देऊन टाकली होती. दिली होती ना? की पांढरीच दिली होती? वल्हांडणाच्या रात्री, उभ्या आयुष्यात बाहेर न जेवलेल्या बाईच्या पोटात तिच्या घरी सणात वर्ज्य असलेला भिजलेला गहू गेला असला, तर दिमोना सोडून जावं लागणार होतं.

दोघी एकमेकींना धरून बाहेर धावल्या. बिन्यामीन टेबलापाशीच उभा होता, हातात बाटली.

"टोपण!" एलिशेवा ओरडली. "टोपण कुठल्या रंगाचं?"

"पांढरं," बिन्यामीन दचकून म्हणाला. "का गं? अगं, लिहिलंय की वर, पाणी आणि मीठ. मधला शब्द बारीक होता, चष्मा सापडेना. आणि तुझी ती सेलरी मात्र कडूजहर निघाली हो. मी कुणाला बोललो नाही. सांडलेली वाटी भरून ठेवलीय पुन्हा."

पांढरं! आणि हिब्रूत 'पाणी' नि 'मीठ' यांच्या मधे येणारा तो बारीक शब्द होता 'समुद्र'. एलिशेवा भिंतीला टेकून खाली बसली. सुलिकाबाईंनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानले आणि मग त्यांचं लक्ष काठोकाठ भरलेल्या वाटीकडे गेलं.

"ते आधी फेकून द्या!" त्या कडाडल्या. "माणसांनी खायच्या लायकीचं नाही ते!"

यानिव शरमेने लालबुंद झाला. "आई! शपथ घेतली होतीस ना? ह्यांच्याच घरात बसून? मोरिया, मी माफी मागतो. काका, तुम्हीही मनावर घेऊ नका. आम्हांला तुमची चव फार आवडते. हे बघा!"

आणि त्याने ताटातला सेलरीचा सगळ्यात जाडा दांडा उचलला, वाटीत तळापर्यंत बुडवला आणि आईकडे रोखून बघत तोंडाजवळ नेला.

एलिशेवा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुलिकाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"खाऊ दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला शपथ घालतो! आणि हे बघ, आता लग्नाचा दिवस आपण दोघीच ठरवू. ह्या लोकांना काही कळत नाही."

यानिवने मोठा घास तोडला. ह्या वेळी मात्र तो चावला.