साळवेकाका आणि ऑर्गनचा भाता

साळवेकाका लिफ्टमध्ये आधी आपल्या चपला पाठवतात. चपला वर जाऊन सुखरूप परत आल्या, की त्या पायात घालून मग स्वतः आत शिरतात. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत नव्याने आलेल्या माणसाला कधीतरी लिफ्टमध्ये नुसत्या चपला उभ्या दिसतात, आणि पुढे काही दिवस तो जिन्याने जातो.

काका चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाले ते फक्त पगारातून. कुठेही गेले की, "काय काय होऊ शकतं, सांगू?" असं विचारतात आणि होकाराची वाट न पाहता सांगतात. लग्नात गॅसची टाकी कुठे आहे हे बघितल्याशिवाय पानावर बसत नाहीत. रिक्षातही हेल्मेट घालतात. काकू गेल्यापासून एकटेच आहेत. ऐकणारं घरी कुणी नाही, त्यामुळे सगळे धोके सोसायटीच्या वाट्याला येतात.

अशा माणसाने देहूरोडच्या जुन्या चर्चमधला ऑर्गन दुरुस्त करायला घेतला. गोऱ्या पलटणींच्या काळात बोटीने आलेलं धूड ते. पुढे भिंतभर धातूच्या नळ्या, मागे लाकडी कपाटासारख्या खोलीत कातड्याचा भाता. मोटरने भात्यात हवा भरली, की पट्टी दाबाल ती नळी बोलते. पलटणी गेल्या, पुढे वाजवणारेही गेले. कातडं उंदरांनी खाल्लं, लहान नळ्या पोरांनी पिपाण्या म्हणून पळवल्या. काकांनी नळ्या जमवल्या आणि नवं कातडं काळेवाडीच्या एका चप्पलवाल्याकडून बसवून घेतलं. त्याने मनापासून काम केलं. चपलेला घालतो तशी दुहेरी शिवण घातली. शिवण मजबूत झाली आणि सुईच्या प्रत्येक भोकातून हवा जायला लागली. काकांनी भोकांवर कातड्याची पट्टी चिकटवली, आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली.

चर्च कमिटीचे सेक्रेटरी उन्हाळ्यातही कोट घालणारे गृहस्थ. त्यांनी जाहीर केलं, रविवारी बिशपसाहेबांसमोर वाजला तर ठेवू, नाहीतर भंगारात, आणि त्या जागी स्पीकरवाला कीबोर्ड.

रविवारी काकांना मीच स्कूटरवरून नेलं.

"आज तरी शुभ बोला, काका."

"शुभ बोलायला बिशप आहेत. मी भाता बघतो."

बाहेरून बोलावलेल्या वादकाने पहिलं गीत सुरू केलं. माझा देवाशी फारसा संबंध नाही, पण तो आवाज पायाखालच्या फरशीतून छातीत चढला. दुसऱ्या कडव्याला तो बसायला लागला. मागून फुस्स ऐकू आलं. मी धावत मागे गेलो.

भात्याच्या खोलीची फळी काढलेली होती. काका बाहेर उभे, पांढरेफटक.

"शिवणीवरची पट्टी उचकटली."

"मोटर बंद करू?"

"बंद केली तर भंगार." त्यांनी आतल्या अंधाराकडे पाहिलं. लिफ्टएवढीही जागा नव्हती. "मी आतून दाबून धरतो. तुम्ही फळी लावा. उघडी दिसली, तर सेक्रेटरी येऊन आधी मोटरचं बटण दाबेल."

"अहो काका, आत कोंडून घेणार? तुम्ही?"

"काय काय होऊ शकतं ते मला माहितीये, राव. तुम्ही फक्त बोलत राहा. बाहेर माणूस आहे हे कळू द्या."

ते सरपटत आत गेले. मी फळी लावली. फुसफुस थांबली आणि आवाज पुन्हा वर चढला.

मग मी फळीला तोंड लावून बोलत बसलो. पाण्याचा टँकर, पार्किंगची भांडणं, दुधात येणारी साय. श्वास घ्यायला थांबलो, की आतून बारीक आवाज यायचा, "राव?"

"आहे, काका."

प्रवचनाच्या वेळी मोटर बंद करता आली असती, पण पुन्हा सुरू होतानाचा झटका शिवण सोसणार नाही, हे काकांनी आधीच बजावलं होतं. बिशपसाहेब धैर्य या विषयावर बोलले. बरंच बोलले. मधे सेक्रेटरींना उभं करून टाळ्या वाजवल्या. एकदा आतून बराच वेळ "राव?" आलं नाही. मी फळी ठोकली.

"काका!"

"बोला ना. थांबलात का?"

शेवटचं गीत पार पडलं. बाहेर लोक खुर्च्या सरकवू लागले. सेक्रेटरी कुणाला तरी सांगत होते, ऑर्गन ठेवायचा हे आमचं पहिल्यापासून ठरलंच होतं. मोटर बंद झाली. मी फळी काढली.

काका अंग दुमडून बसले होते. सदरा घामाने चिकटलेला, दोन्ही तळवे शिवणीवर, गाल कातड्याला टेकलेला.

"झालं, काका. या बाहेर."

त्यांनी मान हलवली. भाता हळूहळू खाली बसत होता, आणि त्याच्याबरोबर त्यांचे हातही खाली येत होते.

"एकदम सोडला तर घाबरेल," ते म्हणाले.

मी फळी बाजूला ठेवून जमिनीवर टेकलो. काका एका हाताने कातडं थोपटत होते. जिच्याशी बाहेरून कुणी बोलत नव्हतं, त्या वस्तूला अगदी हलक्या आवाजात सांगत होते, "आहे मी. इथंच आहे."