फुकटचं शिक्षण आणि गल्लीचा फोन

शनिवारची दुपार कलली तरी नेवाशाच्या शाळेचा फोन आला नव्हता, आणि रंभाजी भिंगारदिवे कॉम्प्युटरपुढे मजेत ज्वालामुखी वाचत बसले होते.

भिंगारमधल्या त्या गल्लीत फोन एकच, तो रंभाजींचा. लष्कराच्या डेपोत जन्मभर स्टोअरकीपरी केल्यावर निवृत्तीच्या वेळी घेतलेला. बिल रंभाजींच्या नावावर येई, बाकी फोन सगळ्या गल्लीचा. जो तो नोकरीच्या अर्जावर, लग्नपत्रिकेवर आणि पाव्हण्यारावळ्यांना बिनदिक्कत त्यांचाच नंबर देई आणि पुढे 'पी.पी.', म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिही. फोन वाजला की रंभाजींच्या पत्नी कलाबाई दारात येऊन अशी हाळी देत की पलटणीतला हवालदारही लाजावा. कुणाला नातू झाला, कुणाची बदली झाली, हे कलाबाईंना आधी कळे आणि घरच्यांना मागाहून. हा मान त्यांना सरपंचकीपेक्षा मोठा वाटे.

दिवाळीला पुण्याहून मुलगा आला, सम्राट. त्याच्या हापिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर त्यानं घरी आणून बसवला, आणि भिंतीतली फोनची वायर त्याला जोडली.

"बाबा, ह्याला इंटरनेट म्हणतात. ह्यात सगळे विषय आहेत. शाळेपासून युनिव्हर्सिटीपर्यंत. कुणीही वाचावं, शिकावं."

"आन् फी?"

"फी नाही. फुकट. फोनचं जे काय पडेल ते मी भरीन."

रंभाजींनी चष्मा काढून पुसला. सातवीनंतर फी भरता येईना म्हणून त्यांची शाळा सुटली होती. पुढं डेपोतल्या साहेबांच्या चिठ्ठ्या वाचता वाचता इंग्रजी आलं, पण शिकायचं राहिलं ते राहिलंच. अख्ख्या जगातलं शिक्षण असं उघड्यावर मांडून ठेवलंय आणि दारावर शिपाईही नाही, हे ऐकून त्यांना खरोखर भरून आलं.

त्यात कारणही तसंच होतं. धाकटी प्रज्ञा बी.एड. झाली होती आणि नेवाशाजवळच्या एका शाळेत मुलाखत देऊन आली होती. मुख्याध्यापक म्हणाले होते, "गणित तर शिकवायचंच, पण आमच्याकडं माणसं कमी. पडेल तो विषय घ्यावा लागेल. शनिवारपर्यंत फोन करतो. निरोप पोचला नाही, तर यादीतल्या पुढच्याला बोलावू." आता पोरीला पडेल तो विषय घ्यायचा, तर तयारी कुणी करायची? बापानं. रंभाजींनी सोमवारी सकाळी खगोलशास्त्र उघडलं, मंगळवारी रसायन, बुधवारी रोमन साम्राज्य. एकेक पान उघडायला चुलीवर डाळ शिजावी इतका वेळ लागे. म्हणून ते बंद करायचं नावच काढत नसत. झोपतानाच काय ते बटण दाबत.

फोनच्या वायरीवर इंटरनेट चालू असलं की फोन लागत नाही, हे सम्राटनं निघता निघता सांगितलं होतं. पण रंभाजींना ते पटलं नव्हतं. डेपोत एकाच वायरीवर दिवा आणि पंखा दोन्ही चालताना त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. पोरगं घाईत काहीतरी बोलून गेलं, असं त्यांनी धरलं आणि कुणाला सांगितलंही नाही.

फोन मात्र गप्प झाला. कलाबाईंना हाळी द्यायला काही उरलं नाही आणि त्यांचं जेवण तुटलं. गल्लीला वाटलं, ह्या निरोपच देत नाहीत.

समोरच्या गोजरबाई तर ओट्यावरूनच म्हणाल्या, "कांपूटर आला नि बाई शेफारली. माझ्या भावाचा पाथर्डीहून दर गुरवारी फोन येतो. ह्या खेपंला न्हाई म्हंजी काय?"

"वाजलाच न्हाई तर काय माझ्या मनचं सांगू?" कलाबाई म्हणाल्या. पण आत येऊन त्यांनी नवऱ्याला धारेवर धरलं. "अवो, तुमी ते डबडं आनलं नि फोनला दिष्ट लागली. आज शनवार. पोरीची नोकरी गेली म्हंजी?"

"शाळेचं काम, कलाबाई. त्यांच्यात उशीर व्हनारच," रंभाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

फोनशेजारच्या खुर्चीत प्रज्ञा सकाळपासून बसून होती आणि फोनवरच्या विणलेल्या रुमालाचे दोरे उसवत होती. अर्धा रुमाल उसवून झाला होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायकांनी एकदम गळा काढला.

पाथर्डीहून गोजरबाईंचा भाऊ गहिनीनाथ आला होता. गुरुवारपासून तो बूथवर जाऊन नंबर फिरवत होता. दर वेळी एंगेज. त्यानं सरळ हिशेब केला: गल्लीत फोन एक, तो दिवसभर चालू, म्हणजे एवढे निरोप धाडावेत असं काहीतरी झालंय. आणि आपल्यालाच कळवत नाहीत म्हणजे ते आपल्याच घरात झालंय. त्यानं जीप केली, भावकी भरली, आणि दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून बायकांनी पाटीभर भाकरी आणि पिठल्याचं पातेलंही सोबत घेतलं.

रडणं ऐकून गल्ली बाहेर आली. आपल्याआधी पाहुणे रडताहेत म्हटल्यावर गल्लीतल्या बायकाही रडू लागल्या. खुद्द गोजरबाई घरातून धावत आल्या आणि भावाच्या गळ्यात पडल्या.

"काय झालं रं दादा? कोन गेलं?"

गहिनीनाथनं रडं थांबवून बहिणीला खालून वर पाहिलं. "आगं, तू हायेस व्हय? मग दाजी?"

"ते मागं म्हशीला पानी पाजत्यात."

"मग गेलं कोन?"

हे कुणालाच सांगता येईना. निरोप कलाबाईंकडंच येतात, तेव्हा त्यांनाच ठाऊक असणार, असं म्हणून रडणारा सगळा घोळका भिंगारदिव्यांच्या घरात शिरला.

"कलाबाई, लपवू नगा. कोन गेलं त्ये सांगा," गोजरबाई म्हणाल्या.

"मला एक बी फोन आला न्हाई, गोजराबाय, आईशप्पथ! थांबा, डेपोत लावते, गल्लीतली मानसं हायेत तिथं, कुनाला तरी ठावं आसंल." कलाबाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि किंचाळून दूर धरला. "अगं बया! आत कोन तरी वरडतंय!"

"अगं ठेव, ठेव! माझा ज्वालामुखी!" रंभाजी ओरडले, पण पडदा गोठला होता. निम्म्यावर आलेला डोंगर तिथंच राहिला.

प्रज्ञानं एकदा कॉम्प्युटरकडं पाहिलं, एकदा वायरीकडं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "सोमवारपासून आपला फोन बंद आहे. तुम्ही बंद केलाय."

रंभाजींना दिवा आणि पंखा दोन्ही आठवले. पोरीच्या नोकरीसाठी ते आठवडाभर शिकले होते आणि त्याच शिकण्यानं तिची नोकरी घालवली होती. "चुकलं गं माझं," एवढंच त्यांना म्हणता आलं. कलाबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

ठेवला, आणि फोन वाजला.

प्रज्ञानं झडप घातली. पलीकडं मुख्याध्यापक होते आणि त्यांचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू जात होता.

"अहो, लागला एकदाचा! चार दिवस बोटं झिजली आमची. बुधवारीच कमिटी म्हणाली, ही भिंगारदिवे राहू द्या, दुसऱ्या नंबरच्या मुलीला बोलवा. तिला लावला, तर तोही एंगेज! मग नंबर नीट बघितला. त्या सीमानं पण हाच दिलाय, पी.पी.! तिसऱ्याला लावायला गेलो, मच्छिंद्र म्हणून आहे, त्याचाही हाच. एवढी काय गर्दी असते हो तुमच्या फोनवर? शेवटी ठरलं, लागेल तेव्हा पहिलीलाच सांगू. सोमवारी या रुजू व्हायला."

कलाबाईंनी लेकीला कवटाळलं आणि त्या दिवसातलं पहिलं खरं रडू आलं. रंभाजी खुर्चीत बसून नुसते हसत होते. पाथर्डीकरांनी पिठलं-भाकरी सोडली आणि मयताचं जेवण पेढ्यासारखं वाटलं गेलं. गल्लीतल्याच मच्छिंद्रनं चार भाकरी खाल्ल्या आणि यादीत तो तिसरा होता हे विसरला.

एकट्या गोजरबाई जेवायला बसल्या नाहीत. दुसऱ्या नंबरची सीमा ही त्यांचीच लेक. सीमाला नेवासं नकोच होतं, तिला नर्सिंगला जायचं होतं. ती प्रज्ञाच्या गळ्यात हात टाकून हसत होती. पण आईचा जीव. गोजरबाई फोनपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"कलाबाई, मला बी एक फोन लावू द्या नेवाशाला. हेडमास्तरला दोन शब्द इचारीन म्हनते."

कलाबाईंनी एकदा फोनकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. मग पदर खोचून त्या नवऱ्याकडं वळल्या.

"अवो, असं हातावर हात धरून काय बसलाय? एवढं फुकटचं शिक्षान पडलंय. लावा ते इंटरनेट, नि सोमवारपातूर बंद करू नगा."