सौम्य मिरचीचा दाखला

आपल्या अंगणातली मिरची अतितिखट आहे आणि तसं एका कागदावर शिक्क्यानिशी लिहून मिळावं, एवढीच घड्याळदुरुस्तीवाल्या काकांची माफक मागणी होती.

मिरची घडवायला त्यांना अकरा वर्षं लागली होती. लोक मनगट सोडून फोनमध्ये वेळ बघू लागले, तेव्हा काकांचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग बेकार झालं. मग त्याच चिमट्याने ते मिरचीची न उमललेली कळी उघडत, आतले परागकोष काढून टाकत, दुसऱ्या झाडाचा पराग बारीक ब्रशने लावत आणि वरून कापडी पिशवी बांधत, म्हणजे एखाद्या मधमाशीने मध्येच नाक खुपसू नये. दर हंगामात सगळ्यात तिखट झाडाचंच बी ठेवायचं. मोजमापाची पद्धत सोपी होती. मिरचीत सुई टोचायची आणि टोक जिभेला लावायचं. नवव्या पिढीच्या वेळी काका सुई लावून दीड तास अंगणात उकिडवे बसले. त्यांना ब्रह्मांड आठवलं. उठल्यावर बोलता येईना, म्हणून त्यांनी पाटीवर लिहून काकूंना दाखवलं, 'जमली.'

"जमली ना? मग विका," काकू म्हणाल्या. "ह्या हंगामात विकली गेली नाही, तर अंगणात मी काकडी लावणार आहे. अकरा वर्षं झाली, स्वतःच्या घरात दाराच्या कडीला हात लावायची भीती वाटते मला."

किराणा दुकानदार म्हणाला, "ठेवतो की. तीव्रतेचा दाखला तेवढा आणा."

तिखट प्रमाणीकरण कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. त्यावर तीन चौकोन होते : सौम्य, मध्यम, तीव्र.

"बाई, ही तीव्रच्याही पुढची आहे."

"पुढे चौकोन नाही."

"पण मिरची आहे ना!"

"चौकोन नाही म्हणजे मिरचीही नाही. आणि तुम्ही खूण करू नका. अर्जदाराने स्वतःच्या मालाविषयी मत बाळगणं नियमात बसत नाही. ते समिती ठरवते."

कार्यालयात तिखटपणा मोजायचं यंत्रही होतं. ते चार वर्षं खोक्यातच होतं, कारण तपासणी झाल्याशिवाय ते सुरू करायचं नव्हतं आणि सुरू केल्याशिवाय त्याची तपासणी होत नव्हती. खोक्याची उंची चहाची किटली ठेवायला मात्र बरोबर होती. तोवर तिघांच्या समितीने नमुना चाखून मत द्यावं, अशी तात्पुरती सोय होती.

"सुईच्या टोकाएवढीच घ्या हं," काका कळवळून म्हणाले.

"परिपत्रकात 'एक संपूर्ण फळ' असं आहे," समितीचे कनिष्ठ सदस्य म्हणाले. त्यांनी देठ काढला, तोही फायलीला जोडायला बाजूला ठेवला आणि मिरची चावून खाल्ली.

ते प्रथम हसले. मग त्यांच्या चेहऱ्याने तीन रंग बदलले. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. किटलीतला चहा, माठातलं पाणी आणि साहेबांच्या फुलदाणीतलं पाणी, ह्या क्रमाने पिऊन ते घरी गेले आणि बारा दिवस आले नाहीत. उरलेल्या दोघा सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लिहिलं, 'कनिष्ठ सदस्यांशी सहमत.'

तेराव्या दिवशी दाखला तयार होता. काकांनी डोळ्याला भिंग लावून तो वाचला : 'तीव्रता : सौम्य. नाजूक प्रकृतीच्या व्यक्तींसाठी योग्य.'

काका धावत साहेबांकडे गेले. साहेबांनी शांतपणे नियम दाखवला. चाखल्यानंतर पाच मिनिटांत सदस्याने काहीच म्हटलं नाही, तर त्याला काहीच जाणवलं नाही असं समजावं.

"साहेब, ते बोलले नाहीत, कारण त्यांना बोलता येत नव्हतं!"

"आमचे सदस्य कामाला लायक नाहीत, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही हो. मिरची तिखट आहे, असं म्हणायचंय."

"सौम्यचा दाखला असताना माल तिखट म्हणून विकणं ही ग्राहकांची फसवणूक आहे. जपून बोला."

काका घरी आले ते खिन्न होऊन. पण जिन्यातच त्यांना एक युक्ती सुचली होती. मिरची सौम्य म्हणून दुकानात जाऊ दे. चार घरांत बोंबाबोंब झाली, की कार्यालयाचं नाक कापलं जाईल आणि झक मारत चौथा चौकोन छापावा लागेल. त्यांनी पुड्यांवर 'सौम्य, प्रमाणित' अशी लेबलं चिकटवली आणि ते तक्रारींची वाट पाहू लागले.

पहिली पुडी गल्लीतल्या व्यायामशाळेच्या मालकाने नेली. दुसऱ्या दिवशी तो सुजलेल्या ओठांनी दुकानात आला. काका पोत्यामागे उभे राहून कान देऊन ऐकत होते.

"कशी वाटली?" दुकानदाराने विचारलं.

मालकाने आजूबाजूला पाहिलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. "थोडी सौम्यच आहे," तो म्हणाला आणि आणखी एक पुडी घेऊन गेला.

मग तो गल्लीचा शिरस्ताच झाला. जेवताना घरोघरी माणसं नळाकडे पळत आणि बाहेर येऊन चवीचं कौतुक करत. तक्रारीची सोय होती, पण तक्रार-अर्जातला पहिलाच प्रश्न होता : 'आपल्याला सौम्य मिरचीसुद्धा सोसत नाही काय?' अशी कबुली शिक्क्यानिशी कोण देणार! सगळ्यांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार पत्करला. ज्याच्या घरी ही मिरची नाही तो मागासलेला, असंही ठरून गेलं. कार्यालयाने यशाबद्दल स्वतःचाच गौरव समारंभ ठेवला.

सभागृहात दोनशे ग्राहक होते. साहेबांनी सर्वांदेखत मिरचीचा तुकडा खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "अभिमानाने डोळे भरून आले," ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी मिरचीसकट ध्वनिक्षेपक काकांच्या हातात दिला. "निर्मात्यानेच सांगावं, कशी आहे?"

हाच तो क्षण होता. काकांनी मिरची चावली. अकरा वर्षांत इतकी कधीच जमली नव्हती. एक शब्द उच्चारायचा होता, बस्स. त्यांनी समोर पाहिलं. चारशे लालबुंद डोळे त्यांना विनवत होते, की बाबा रे, आम्हाला खोटं पाडू नकोस. एकट्या काकू पहिल्या रांगेतून मान हलवत होत्या, की बोला, बोला आता.

"सौम्य," काका म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

घरी येईपर्यंत काकांची वाचा बसली होती. काकूंनी पाटी पुढे केली. "आता लिहा खरं काय ते. इथे कोण बघतंय?" काकांनी आधी खिडकी लावली. मग कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'तिखट', आणि लगेच बाहीने पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी अंगणात काकडी लावली. "काकडीला निदान काकडी म्हणता येतं," त्या म्हणाल्या. बी तेवढं कार्यालयाने संवर्धनासाठी ताब्यात घेतलं, आणि आता ती मिरची सगळीकडे मिळते.

तुमच्या स्वयंपाकघरातही वरच्या फळीवर तीच पुडी आहे. परवा जेवताना तुम्ही पळत नळाशी गेलात, ते शेजाऱ्यांनी पाहिलं. त्यांनी विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत, तेही त्यांनी आम्हाला सांगितलं आहे.