खांद्याचा खुराक

माणसाच्या अंगात दोनशेच्या वर हाडं असतात, आणि त्यातलं एक जरी निसटलं तरी बाकी सगळ्यांना गोडधोड लागतं. वैद्यकशास्त्राला हे अजून उमगलेलं नसलं, तरी खामगावात ते सर्वमान्य आहे.

वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांतासोबत नागपुराहून चालायचा त्या काळी, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला हमाल निवृत्ती सरकीच्या पोत्यासकट घसरला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. मेहबूब पहिलवानाने एका हिसक्यात तो बसवला (आरोळी नांदुऱ्यापर्यंत गेली, असं निवृत्ती स्वतः सांगायचा) आणि इलाज ठरवून दिला : कडुनिंबाच्या फांदीवरून दोर टाकून रोज शंभर वेळा ओढायचा, सोबत डिंकाचे दोन लाडू.

"दोन महिन्यांत हात डोक्यावर गेला पाह्यजे बे," पहिलवान म्हणाला. "दिवाळीनंतर जिन सुरू होते. पोतं उचललं नाही तर मुकादम दारात उभा करत नाही."

निवृत्तीला घोर लागला. हमालीशिवाय त्याला दुसरं काहीच येत नव्हतं. म्हणून इलाजात कसूर नको, असं त्याने ठरवलं आणि कामाची रीतसर वाटणी केली.

लाडवांचं खातं त्याने स्वतःकडे ठेवलं. दोनाचे चार झाले. समाचाराला येणाऱ्यांनी अळिवाची खीर, मेथीचे लाडू, खारीक-खोबरं आणलं (एकाने नुसता उपदेश आणला, त्याला चहा मिळाला नाही). दोराचं खातं बायकोकडे, मंजुळाबाईकडे गेलं.

"आजारी माणसाले दगदग बरी नाही," तो म्हणाला. "माह्या आयुष्यासाठी सोमवार तूच धरतं ना? मंग दोरबी तूच ओढ."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. उपासाचं पुण्य नवऱ्याला पोचतं, तर दोराचे हिसके का पोचू नयेत? साठ दिवसांत लाडू तीनशे अकरा, हिसके सहा हजार, खाडा एकही नाही.

जिनाच्या फाटकावर किसनराव मुकादमाने पोतं पुढे केलं. निवृत्तीचा हात तोंडापर्यंत झकास आला आणि तिथेच थांबला. पोतं निसटलं. भाकरी घेऊन आलेल्या मंजुळेने ते वरच्यावर धरलं आणि डोक्यावर घेतलं.

"बाईले घ्या," किसनराव म्हणाला.

निवृत्तीला तिथेच रडू कोसळलं.

"काऊन रडून राह्यले?" मंजुळा म्हणाली. "इलाज तं लागला. मले लागला."

वाचकहो, हसायची घाई नको. तुमच्या आयुष्यासाठी घरात आज कोण उपाशी आहे, ते आधी आत जाऊन विचारा. आणि येताना पाण्याचा तांब्या स्वतःच घेऊन या. हात कुठवर वर जातो, तेही कळेल.