सुमनचा जुना डोळा

सुमन डोळ्यांच्या दवाखान्यातून पळाली तेव्हा तिच्या अंगात हिरवा झगा होता, डोक्यावर प्लास्टिकची टोपी होती आणि डाव्या भुवईच्या वर पेनाने काढलेला बाण होता. तिची साडी माझ्या हातातल्या पिशवीत. मी बाकावर डुलकी काढत होते. समोरून काहीतरी हिरवं धावत गेलं, आणि मला उमजेपर्यंत ती रस्त्यावरच्या रिक्षात बसून हाका मारत होती, "शांते, चल गो, ते येतील मागून."

मी चढले. सत्तरी ओलांडलेली बाई इतकी पळते हे मी पहिल्यांदा बघितलं. रिक्षावाल्याने आरशातून तिला न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, दवाखान्यात सोडू का. म्हटलं, तिथूनच आणलीय, तू घरी चल.

सुमन माझी घाटकोपरची शेजारीण, मूळची मालवणाकडची. आमची भिंतीला भिंत. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवाळीनंतर उजव्याचं ऑपरेशन झालं, डावा राहिला. तेव्हापासून ती एकाला नवा डोळा म्हणायची आणि दुसऱ्याला जुना. समोर काहीही आलं की आधी एकावर हात ठेवायची, मग दुसऱ्यावर, आणि मग निकाल सांगायची. मासळी घेताना नवा डोळा, जेवायला बसली की जुना. नव्या डोळ्याने जेवण जात नाही म्हणे, सगळं दिसतं.

पट्टी काढली त्या दिवशी तिने पहिली मला बघितली. म्हणाली, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?" मग नवा डोळा झाकला आणि म्हणाली, आता बरी आहेस. मी म्हटलं, तू मला दोन्ही डोळ्यांनी पहिल्यापासून वाईटच दिसतेस.

त्याच आठवड्यात ती उशांचे अभ्रे घेऊन माझ्या दारात भांडायला आली. तिला आधी पांढरे कपडे पिवळट दिसायचे. म्हणून ती नीळ घालायची. तरी पिवळट, की आणखी नीळ. अशी वर्षं गेली. नव्या डोळ्याने कपाट उघडलं तर अभ्रे, चादरी, मुलाचे बोटीवरच्या गणवेशाचे शर्ट, सगळं मोरपिशी. तुम्ही कोणी सांगितलं का नाही, म्हणून तिने अख्खा मजला डोक्यावर घेतला. आम्हाला वाटलं होतं, बाईला निळ्याची हौस आहे.

मग तिला चटकच लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी बोलायला उभा राहिला की ही जुना डोळा झाकून टक लावून बसायची. नव्या डोळ्यापुढे खोटं टिकत नाही, असं तिचं म्हणणं. सेक्रेटरी दोन वाक्यांत खाली बसायचा. मीटिंगा लवकर संपायला लागल्या.

पण डाव्या डोळ्याची गोष्ट काढली की हिला कधी उपास, कधी पाहुणे, कधी पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकत आलाय, आणखी थांबलात तर डोळा जाईल. शेवटी तयार झाली, तर सुनेला बरोबर नेईना. रेश्माला त्या दिवशी सुट्टी होती, ती निघालीही होती. ही म्हणाली, तिला नको, शांता चल.

सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी विचारलं, सुईला घाबरलीस का. नाही म्हणाली. मग गुडघ्यावरचा झगा सारखा केला.

"नव्या डोळ्याने बघितलं तर रेश्मा माझ्याकडे बघून हसत नाही," ती म्हणाली. "जुन्याने हसते. हाही नवा करून घेतला तर घरात कोण हसणार?"

तिचा मुलगा बोटीवर, वर्षाकाठी एकदा येतो. घरात या दोघीच. माझी सून हसरी, माझी सून हसरी, असं ती लग्नापासून सगळ्यांना सांगत आलेली. रेश्माचे ओठ तर कायम मिटलेले. आम्हाला वाटायचं, सुमन मोठ्या मनाची, सुनेला सांभाळून घेते. तिला खरंच तसं दिसत होतं, हे त्या रिक्षात कळलं.

मी तिला सांगितलं, ती पोरगी मॉलमध्ये दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांशी हसते, त्याचाच पगार घेते. घरी आल्यावर तोंडाला विश्रांती नको?

"मग माझ्यासाठी काही उरत नाही, असंच ना?"

तिला विचारलंस का कधी, मी म्हटलं. तर म्हणाली, असं कोण विचारतं का गो?

दार रेश्माने उघडलं. हात पिठाचे. तिने झगा बघितला, टोपी बघितली, मग कपाळ.

"आई, बाण कशाला?"

"डॉक्टर चुकू नये म्हणून," सुमन गंभीरपणे म्हणाली.

रेश्माने ओठ घट्ट धरून बघितले. मग नाकातून आवाज आला, मग खांदे हलायला लागले, मग ती चौकट धरून उंबऱ्यातच बसली. पिठाचा हात तोंडावर, डोळ्यांतून पाणी. आई, रिक्षाने आलात, अशाच, एवढंच तिला तीनदा म्हणता आलं. बाजूची दारं उघडली. सुमन आधी रागावली. मग तिने डावा हात उचलला, जुना डोळा झाकला आणि सुनेकडे बघत उभी राहिली. रेश्माने तोंडावरचा हात काढला होता.

"तिचा एक दात तिरका आहे, शांते," ती मला हळू आवाजात म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं."

पुढच्या आठवड्यात डावा डोळाही झाला. मला बोलावलं नाही. बरोबर रेश्मा गेली होती.