साळिंदराचं वळणदार यंत्र

एका जंगलात, बाळांनो, वाघसुद्धा मोबाइल वापरायचा. सगळ्यांकडेच होता, मग त्यालाच का नको? रोज संध्याकाळी तो आपल्या पानावर लिहायचा, ‘आज माझा उपास आहे. निर्धास्त पाणी प्यावे.’

कुणी विश्वास ठेवायचं नाही.

“मोबाइलवर काय, कुणीही काहीही टाकतं,” असं म्हणून चितळं जांभळीकडे बघायची.

पाणवठ्यावरच्या त्या जांभळीवर केरबा वानर बसायचा. वाघ दिसला की तो फांदीवर उड्या मारत ओरडायचा आणि खाली सगळे पळायचे. त्याच्या बापानंही हेच केलं होतं. केरबा जांभळं अर्धी खायचा, अर्धी खाली टाकायचा, ती चितळं खायची. असा शेजार होता.

मग बजाबा साळिंदरानं घरच्या घरी एक यंत्र केलं. छत्रीच्या काड्यांचा हात, खेळण्यातल्या गाडीची मोटर आणि लेखणी म्हणून पाठीवरचा स्वतःचाच काटा. मोबाइलवर जे येईल ते यंत्र कागदावर उतरवायचं. सावकाश, वळणदार अक्षरात.

पहिल्याच संध्याकाळी यंत्रानं लिहिलं, ‘आज माझा उपास आहे.’

“अगंबाई, कागदावर आलं!” हौसा चितळीण म्हणाली. “अन् अक्षर तरी काय! असं लिहिणारा खोटं कशाला बोलेल?”

“वहिनी, लिहिलंय यंत्रानं. बोललाय वाघच,” वरून केरबा म्हणाला.

“तुम्हाला अक्षरातलं काय कळतंय, भाऊजी? जन्म गेला फांदीवर.”

सगळे हसले. केरबाही हसला, पण त्याला ते लागलं.

आता अडचण एकच होती. सगळ्यांना दिसावं म्हणून यंत्र जांभळीच्याच फांदीला टांगलं होतं. केरबा हलला की फांदी हलायची आणि रेघ वाकडी यायची. म्हणून सभेत ठरलं, यंत्र लिहीत असताना केरबानं हलायचं नाही, ओरडायचं नाही.

“आणि वाघ आला तर?” केरबानं विचारलं.

“आला तर यंत्र लिहीलच की!” बजाबा म्हणाला. “वाघाची खबर वाघाला जास्त, का तुला?”

दुसऱ्या संध्याकाळी सगळे माना वर करून कागद वाचत उभे होते. हौसाचं पाडस तिच्या पायाशी होतं. यंत्र लिहीत होतं, ‘आज माझा उपास…’

तेवढ्यात गवतात पिवळं काही सरकलं. केरबानं ते पाहिलं. सभेचं ठरलेलं त्याला आठवलं. मग खालचं पाडस दिसलं. तो उडी मारून जीव खाऊन ओरडला.

काटा घसरला. कागदभर आडवी रेघ गेली.

“घातली माती!” बजाबा किंचाळला.

“भाऊजी, ओळ तरी पुरी होऊ द्यायची!” हौसा रागानं म्हणाली.

हे तिचं शेवटचं बोलणं. पाडसाला वाचता येत नव्हतं, म्हणून ते आधीच पळालं होतं.

सकाळी चौकशी बसली. तो कागद सगळ्यांना दाखवला.

“बघा,” बजाबा म्हणाला, “यानं ओळ पुरी होऊ दिली नाही, म्हणून उपासही पुरा झाला नाही.”

“ते पाडस तरी वाचलं ना रे?” केरबानं विचारलं.

“विषय अक्षराचा चाललाय,” एक म्हातारं चितळ म्हणालं.

केरबाला जांभळीवरून कायमचं उतरवलं.

संध्याकाळी वाघाचा निरोप आला. झाडावर कुणी नव्हतं. फांदी हलली नाही. यंत्रानं एकाही ठिकाणी न चुकता लिहिलं, ‘हौसाताईंची उणीव कधीही भरून निघणार नाही.’ वाचून पुष्कळांचे डोळे भरून आले. खाली आणखी एक ओळ उमटली, ‘आज माझा उपास आहे. निर्धास्त पाणी प्यावे.’

“याला म्हणतात अक्षर!” चितळं म्हणाली, आणि सगळ्यांनी पाण्याला तोंडं लावली.

तात्पर्य : वाघ दिसला तरी आधी ओळ पुरी होऊ द्यावी. ओरडून फार तर जीव वाचतो. बिघडलेलं अक्षर काही सुधारत नाही.